दुसऱ्यांदा न केलेलं गणित

अविनाशदादा,

तू जाऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा मला आपल्या नव्या मशीनची, त्या कॉम्प्युटरची, भीती वाटायला लागली. त्याआधीचे आठ दिवस नुसतं रडू होतं. त्या रडण्यात एक बरं होतं, दुसरं काही सुचायचं नाही. नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, सँट्रीच्या ऑफिसात मी तुझ्या टेबलाकडे पाठ करून बसले आणि एक छोटंसं गणित लावलं. वीस-बावीस अणूंचा रेणू, आपण नेहमी तपासणीला घ्यायचो तोच. कामाला लागायचं म्हणून, बाकी काही नाही. उत्तर आलं. काहीतरी खटकलं म्हणून पुन्हा चालवलं. उत्तर वेगळं आलं.

फरक शेवटच्या कुठल्यातरी आकड्यात असता तर मी खांदे उडवले असते. तिसऱ्याच आकड्यात होता. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं भरलं. तिसऱ्यांदा चालवलं, तर तिसराच आकडा. खिडकीबाहेर विमान उतरत होतं, काच थरथरत होती, आणि मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. कारण त्याच मशीनवर मी दीड महिन्यापूर्वी कॉर्क शहरातल्या औषधकारखान्याचं गणित केलं होतं. ते दुसऱ्या मशीनवर पुन्हा केलं, असं तुला सांगितलं होतं. केलं नव्हतं, दादा.

हे तुला तोंडाने सांगायचं राहून गेलं. म्हणून आता लिहितेय.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल तशी मला आठवत नसेल, कारण मी त्या दिवशी रडकुंडीला आले होते. पीएचडीचं दुसरं वर्ष. सरांनी प्रयोगशाळेसाठी एक चकचकीत मशीन घेतलं होतं, त्यात बाजारातलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड, आणि माझी गणितं मुंगीच्या पावलांनी चालली होती. विद्यापीठाने कुणालातरी बाहेरून बोलावलं. तू आलास, पाठीवर सॅक, हातात स्क्रूड्रायव्हर. माझ्या ड्रॉवरवरचं नाव वाचून म्हणालास, "पुण्याची?"

"कोथरूड."

"मी सांगलीचा. रेणू केवढा आहे?"

एका दमात. मी हसलेच. मी मशीनबद्दल सांगायला लागले तर तू हात वर केलास. "मशीनचं नंतर. अणू किती, पद्धत कुठली, आणि उत्तर कशासाठी हवंय?" तिन्ही उत्तरं मी दिली. मग तू झाकण उघडलंस. ते मोठं कार्ड चित्रं काढण्यात हुशार होतं. मला हव्या तेवढ्या बारकाव्याची आकडेमोड त्याला जमत नव्हती, आणि माझं सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मेमरीच्या आठ खाचांपैकी दोनच भरलेल्या होत्या. "टाकीला आठ नळ आहेत आणि दोन जोडलेत," तू म्हणालास. मधली प्रचंड फाइल मशीन कुठल्यातरी तळमजल्यावरच्या सर्व्हरवर लिहीत होतं, ती तू आतल्या वेगवान डिस्कवर वळवलीस. चार दिवसांचं काम दीड दिवसात झालं. मी आभार मानले तर म्हणालास, "रविवारी जेवायला ये. नास गावात राहतो. बायको डॉक्टर आहे, पण आमटी चांगली करते."

मेधावहिनींनी त्या रविवारी दार उघडलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तूच ती, दोन नळवाली." ईरा तेव्हा आठ वर्षांची. मी तिच्याशी मराठीत बोलत होते आणि ती मला अस्सल किल्डेअरच्या आयरिश उच्चारात उत्तरं देत होती. तू मला हळूच म्हणालास, "तिला सगळं कळतं. फक्त परत देत नाही."

नंतर कॉनरने आपली कंपनी काढली, आधी तुला घेतलं, तू मला ओढलंस. आठ माणसं आणि औषधकंपन्यांसाठी रेणूंची गणितं. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसले. मी एकदाही तुला म्हटलं नाही की या देशात मला टिकता आलं ते तुझ्यामुळे. व्हिसाचं पत्र अडकलं तेव्हा तू माझ्याबरोबर त्या ऑफिसात चार तास बसलास, आणि चारही तास मला मेमरीच्या काड्यांबद्दल सांगत होतास. मी घाबरू नये म्हणून ते होतं, हे मला बसने घरी जाताना कळलं.

आपलं भांडण मार्चमधलं. नवं मशीन घ्यायचं होतं. तुला हवी होती चूक पकडणारी मेमरी, ज्यात एखादा आकडा आतल्या आत उलटला तर ती दुरुस्त करते, आणि जमलं नाही तर निदान नोंद ठेवते. ती येणार दोन महिन्यांनी. मला साधं मशीन हवं होतं, जे चार दिवसांत दारात येतं. कामं तुंबली होती.

"दादा, आपण बँक चालवत नाही," मी म्हणाले.

"बँकेत चूक झाली तर कोणीतरी फोन करून शिव्या देतं," तू म्हणालास. "आपल्याकडे कोण करणार? आकडा येतो, छान दिसतो, आणि जातो."

"असं लाखात एकदा होतं."

"आपण दिवसाला किती लाख करतो, सांग."

मी चिडले. तू म्हातारा झालास, असं काहीसं बोलले. तू चहा करायला उठून गेलास, आणि परत आलास तेव्हा दोन कप होते. "घे तुझं मशीन. जोडून मी देतो. पण महत्त्वाचं प्रत्येक गणित दुसऱ्यांदा जुन्या मशीनवर होणार. कितीही वेळ लागो." मी हो म्हणाले. तू मशीन जोडलंस, पंख्यांची दिशा दोनदा बदललीस, आणि मेमरीचा वेग मुद्दाम खाली ठेवलास. डब्यावर लिहिलेला वेग हा दुकानदाराचा, आपला नाही, असं काहीसं म्हणालास. मी फोनवर होते, अर्धवट ऐकलं.

मग कॉर्कचं काम आलं. एक औषध बनवताना मधल्या पायरीवर जो पदार्थ तयार होतो, तो तापवल्यावर कधी फुटेल, हे त्यांना हवं होतं. तुटायला किती ऊर्जा लागते, तो उंबरठा केवढा उंच आहे, एवढंच. उंच असेल तर निर्धास्त काम करा. कमी असेल तर जपून. मुदत शुक्रवारची होती. तुम्ही तिघं कासलबार गावी गेला होतात, वहिनींच्या जुन्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीच्या गृहप्रवेशाला. गणित हळू चाललं होतं. मी सेटिंगमध्ये गेले आणि मेमरीचा वेग डब्यावर लिहिला होता तेवढा केला. दोन बटणं. मशीन सुरू झालं, काही कोसळलं नाही, मला हुशार वाटलं. उत्तर बुधवारी आलं. जुन्या मशीनवरचं दुसरं गणित आठ-नऊ दिवस घेणार होतं. तिसऱ्या दिवशी मी ते थांबवलं, कारण मला तिथे दुसरं काम लावायचं होतं.

तू परत आलास. रिपोर्ट हातात घेऊन विचारलंस, "दोन्ही सारखे आले?"

"हो."

"फरक?"

"शेवटच्या आकड्यात."

"शाब्बास," म्हणालास, आणि 'तपासलं' या रकान्यात सही केलीस. शेवटचा आकडासुद्धा मी बनवून सांगितला होता, दादा. तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. का नेहमीएवढाच? मी हे इतक्यांदा आठवलंय की आता मला ठरवता येत नाही. तुला कळलं होतं का? कळलं असतं तर तू सही केली नसतीस. का केली असतीस, आणि मीच येऊन सांगेन म्हणून थांबला असतास? मी ते करणारच होते. प्रत्येक सोमवारी ठरवायचे.

आणि मग तो रविवार. सकाळी तू स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटातून, ज्याला इतक्या वर्षांत तूही इथल्या लोकांसारखं प्रेसच म्हणायला लागला होतास, चहाचा डबा काढत होतास. डबा पडल्याचा आवाज झाला, एवढं मला नंतर वहिनींनी सांगितलं.

तर तो मंगळवार. तीन वेळा तीन आकडे आल्यावर मी सेटिंग उघडलं. माझाच वेग तिथे होता. मी तो खाली आणला, तू ठेवला होतास तिथे, आणि तेच गणित पुन्हा तीनदा चालवलं. तिन्ही आकडे जुळले. म्हणजे तू जोडलेलं मशीन ठणठणीत होतं. मी घाईने वेग वाढवला होता, त्यातून आकडे आतल्या आत उलटत होते, आणि कुठेच त्याची नोंद नव्हती. बहुतेक वेळा असं झालं की गणित कोसळतं आणि माणूस सावध होतो. कॉर्कचं गणित कोसळलं नव्हतं. ते नीट उभं होतं, सुंदर तक्त्यात, तुझ्या सहीसकट.

मला किती भीती वाटली ते लिहिताही येत नाही. पोटात नाही, दातांत वाटत होती. रिपोर्ट जाऊन दीड महिना झाला होता. तिकडे कुणीतरी त्या आकड्यावर विसंबून काहीतरी तापवलं असेल, या क्षणी तापवत असेल. मी बातम्यांमध्ये त्या कारखान्याचं नाव शोधलं. काही नव्हतं. तेवढ्याने बरं वाटलं याचीही लाज वाटली.

मी कॉनरकडे गेले आणि अर्धंच सांगितलं. नवं मशीन आकडे चुकवतंय, कॉर्कचा रिपोर्ट बिघडला असू शकतो. तो पांढरा पडला. मग हळूच, खरोखर चांगल्या मनाने म्हणाला, "हे बघ, मशीन युअर मॅनने जोडलं होतं. देव त्याला शांती देवो. आपण हार्डवेअरचा दोष म्हणू. गेलेल्या माणसाला कोण बोल लावणार?"

इथले लोक समोर नसलेल्या कुणाहीबद्दल युअर मॅन म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण आठवडाभरापूर्वी तू अविनाश होतास. आणि मी काय केलं माहितीय? मी मान हलवली. "बघते कसं लिहायचं ते," म्हणाले आणि कोट घालून बाहेर पडले.

तासभर मी सँट्रीच्या त्या मोठ्या रस्त्याने चालत होते. वारा इतका होता की डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते मला सोयीचं होतं. मी मनात पत्र लिहीत होते. दुर्दैवाने मशीनच्या जोडणीत एक दोष. जोडणारे सहकारी आता हयात नाहीत. वाक्यं भराभर सुचत होती, दादा. मला माझीच जास्त भीती वाटली ती तेव्हा. आपण इतक्या सहज हे करू शकतो.

फोन वाजला. वहिनी होत्या.

"मृणाल, त्याचा निळा स्वेटर ऑफिसात आहे का गं? ईरा विचारतेय."

"आहे वहिनी. खुर्चीवरच आहे."

"बरं. आणि कॉनरचं पत्र आलं. लिहिलंय, इतक्या वर्षांत त्याच्या कामात एक चूक सापडली नाही. मी फ्रिजवर लावलंय. ईरा येता-जाता वाचते." मग त्यांना फोनमध्ये वारा ऐकू आला. "वाऱ्यात उभी आहेस का? घरात जा, आजारी पडशील."

मी परत गेले. कॉनरच्या खोलीचं दार लावलं आणि सगळं सांगितलं. वेग मी वाढवला. दुसरं गणित मी थांबवलं. अविनाशला मी खोटं सांगितलं आणि त्याच्यावर विसंबून त्याने सही केली. "जीझस, मृणाल," कॉनर एवढंच म्हणाला. मग फोन माझ्याकडे सरकवला. "त्यांना फोन कर. आत्ता. तू कर."

तिकडे सुरक्षेची प्रमुख ग्रॉनिया नावाची बाई आहे. मी बोलत गेले, ती लिहून घेत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "आम्ही उद्या सकाळी पहिली तापवण्याची चाचणी लावली आहे. नमुना किती घ्यायचा आणि कुठपर्यंत तापवायचा, ते तुमच्या आकड्यावरूनच ठरवलं."

"चाचणी कोण करणार आहे?" मला का विचारावंसं वाटलं माहीत नाही.

"नोएल. दोन वर्षांनी रिटायर होतोय."

मला नोएलचं नाव कळायला नको होतं. त्याआधी तो 'कुणीतरी' होता.

"तुम्हाला खरा आकडा कधी मिळेल?" तिने विचारलं.

"नव्या मशीनवर सावकाश चालवून चार दिवस. जुन्यावर नऊ."

"दोन्ही चालवा," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."

ते चार दिवस मी कसे काढले ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला हसू येईल. मी मशीनशेजारी बसून राहायचे. पंख्याचा आवाज बदलला की दचकायचे. जेवायला खाली गेले तरी तीन मिनिटांत वर. तू नेहमी म्हणायचास, गणित चालू असताना त्याच्याकडे बघू नये, लाजतं. मी बघत होते. मला वाटत होतं, आकडा बरोबरच निघावा. माझं खोटं फुकट जावं, कुणाचं काही बिघडू नये. आणि मग वाटायचं, बरोबर निघाला तर मी आयुष्यभर स्वतःला सांगत राहीन की तेवढं काही विशेष नव्हतं.

शनिवारी दुपारी आकडा आला. उंबरठा आधी सांगितला होता त्यापेक्षा बराच खाली होता. पुढच्या गुरुवारी जुन्या मशीननेही तेच सांगितलं. ग्रॉनियाने तोवर थांबून, मग चिमूटभर नमुना घेऊन, जाड पडद्यामागे चाचणी लावली. सोमवारी तिचा फोन आला. झाकण उडालं होतं. ज्या तापमानाला उडालं, ते माझ्या पहिल्या रिपोर्टनुसार अगदी सुरक्षित होतं. नमुना चिमूटभर होता म्हणून पडद्याला नुसता डाग पडला.

"नोएल?" मी विचारलं.

"इथेच आहे, चहा पितोय. सांग म्हणतोय, आय'म ग्रँड, मला काही झालं नाही." मग ती म्हणाली, "तू फोन केलास, त्याबद्दल फेअर प्ले टू यू, ते चांगलं केलंस. पण तुझ्याकडून पुढचा रिपोर्ट घेण्याआधी मी दहा वेळा विचार करेन."

मी तिला म्हटलं, करायलाच हवा. फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि जमिनीवर बसले. मला वाटलं होतं, सगळे वाचले की भीती जाईल. ती तेव्हा खरी आली. चार दिवस मी फक्त त्या बाईला कळवायचं, आकडा काढायचा, यात होते. आता नोएल दिसायला लागला, म्हातारा, चष्मा कपाळावर चढवून झाकण घट्ट करणारा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मला जो दिसतो त्याचे हात तुझ्यासारखे आहेत.

कॉनरने मला काढलं नाही. मार्चपासूनचे सगळे रिपोर्ट आम्ही पुन्हा करतोय, आणि माझी सही एकटी चालत नाही. हे योग्य आहे. तुझी ती मेमरी असलेलं मशीन मागवलंय. खाचा सगळ्या भरलेल्या, आत वेगळी वेगवान डिस्क, कार्ड साधं. दोन महिने लागतील. ग्राहकांना सांगितलं, थांबा. एक सोडला तर सगळे थांबलेत. मार्चमध्येही थांबले असते, दादा. मी विचारलंच नव्हतं.

वहिनींना सांगायचं राहिलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी नासला गेले. ईराने दार उघडलं, स्वेटरची पिशवी माझ्या हातातून घेतली, म्हणाली, "मम इज आउट द बॅक," आणि पिशवी छातीशी धरून वर गेली. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी चिमटे द्यायला लागले आणि चिमटे देता देता सगळं सांगितलं. तुझ्या सहीपर्यंत आले तेव्हा त्यांचा हात दोरीवरच थांबला.

"त्याच्यावर ढकलणार होतीस?"

"तासभर. हो."

त्यांनी उरलेले कपडे वाळत घातले. मला वाटलं, आता जा म्हणतील. आत गेल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला ते गणित परत चालवता तरी आलं."

मला कळलं नाही. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं, ओट्यासमोरच्या फरशीकडे.

"इथे पडला होता. तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. वीस वर्षं मी हे लोकांना शिकवतेय. मी मोजत होते. आणि मधेच विसरले. सतरा की सत्तावीस, आठवेना. मी थांबले, मृणाल. आकडा आठवत बसले. ईरा ओरडली, मम, डोन्ट स्टॉप, तेव्हा पुन्हा सुरू केलं. किती वेळ थांबले होते, मला माहीत नाही."

"वहिनी, त्याने काही फरक..."

"सगळे म्हणतात, फरक पडला नसता. सगळे डॉक्टर आहेत. मीसुद्धा पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते." त्यांनी ओट्याची कड धरली. "खरं असेलही. पण मला कुणी सिद्ध करून देऊ शकत नाही. दोनदा ड्यूटीवर परतायची तारीख पुढे ढकलली. वॉर्डात कुणाचं हृदय थांबलं आणि मी पुन्हा विसरले तर?"

दादा, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं, हेही मला कळलं. मी चांगली आहे म्हणून नव्हे. चुकलेलं माणूस समोर बसलं होतं म्हणून. मी त्यांना काही समजावलं नाही. काय समजावणार? माझ्याकडे आकडा नव्हता. मी उठून त्यांच्याशेजारी उभी राहिले, आणि आम्ही दोघी त्या फरशीकडे बघत राहिलो. मग त्यांना म्हटलं, "नवी तारीख कुठली?"

"उद्या. साडेआठ."

"मी येते सोडायला."

"हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे."

"तरी येते."

सोमवारी मी सँट्रीहून पहाटेच्या गर्दीत निघून नासला पोचले. गाडीत त्या गळ्यातलं ओळखपत्र सारखं सरळ करत होत्या. पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर दार उघडायला हात गेला आणि तिथेच राहिला. मी इंजिन बंद केलं. समोरून नर्स जात होत्या, एक म्हातारा हाताच्या सलाइनच्या नळीसकट सिगरेट ओढत होता. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता. त्या हळूहळू ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. मी मोठ्याने मोजायला लागले, त्यांच्याबरोबर, मराठीत. सतरापाशी त्यांचा आवाज कापला. मी थांबले नाही. तिसापर्यंत गेलो. मग पुन्हा एकपासून तीस. तिसऱ्या वेळी त्या एकट्याच मोजत होत्या, अगदी सरळ.

आठ पंचवीसला त्या उतरल्या. मागे न बघता आत गेल्या. मी दिवसभर तिथेच जवळच्या कॅफेत लॅपटॉप घेऊन बसले. कॉनरला कळवलं होतं. दर वेळी अॅम्ब्युलन्स आली की मी मान वर करायचे.

साडेपाचला त्या बाहेर आल्या. केस विस्कटलेले, कोट एका हातावर. गाडीत बसल्या, पट्टा लावला, डोळे मिटले. मी विचारायला घाबरत होते. त्यांनीच सांगितलं.

"दुपारी एका पेशंटचं हृदय थांबलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा. गेला." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "मी मोजलं, मृणाल. शेवटपर्यंत."

दादा, त्यांनी मोजलं.